क्रेन ओकुमुराची प्रदक्षिणा

“रविवारी तू उडी मारायची नाहीस.”

मी तालमीच्या स्वयंपाकघरात कोबी चिरत उभी होते. वळून पाहिलं तर दारात ओकुमुरा-सान. ते दार तिला अरुंद पडायचं, म्हणून ती नेहमी एक खांदा पुढे घालून आत यायची. त्या दिवशी ती आत आली नाही. एवढं एकच वाक्य बोलली, शेगडीवरच्या भल्यामोठ्या पातेल्याच्या दिशेनं नाक करून वास घेतला, मीठ कमी पडलंय म्हणाली आणि निघून गेली. मी चव घेऊन पाहिली. मीठ खरंच कमी होतं.

तो गुरुवार होता. रविवारी दुपारी तोक्योतल्या एका हॉलमध्ये तिची शेवटची कुस्ती होती. सव्वीस वर्षं रिंगणात काढून ती निवृत्त होणार होती आणि तिच्यासमोर उभी राहणार होते मी, मुरगूडजवळच्या एका खेड्यातली विजयमाला खाडे. तिकडच्या लोकांना ‘ल’ म्हणता येत नाही, त्यामुळे मालाची मी मारा झाले होते. कुस्ती खेळणाऱ्या बाईला याहून शोभेल असं नाव आमच्या वडिलांनासुद्धा सुचलं नसतं.

या गोष्टीला आता सतरा वर्षं झाली. तरी इकडे आमच्या तालमीतल्या पोरी अजून मला तिच्याबद्दल विचारतात, आणि मी सांगायला लागले की सराव बुडतो.

जपानमधली व्यावसायिक कुस्ती म्हणजे आपली मातीतली कुस्ती नव्हे, हे आधी सांगून टाकते. तिथे कोण जिंकणार ते आधी ठरलेलं असतं. हे मी कुणाला सांगितलं की समोरचा माणूस लगेच हसतो, म्हणजे सगळं खोटंच की, असं म्हणतो. अशा माणसाला मी म्हणते, ये, तुला एकदा आपटून दाखवते. निकाल ठरलेला असतो, पण पडणं खरं असतं, हाडं खरी असतात आणि वजन तर खरंच खरं असतं. म्हणूनच तिथे एकीनं दुसरीला उचलायचं असेल तर खालची मुलगी वरच्या मुलीच्या मांडीवर दोनदा दाबते. ती खूण. खूण मिळाली की उचलली जाणारीनं हळूच उडी घ्यायची. पाय जेमतेम सुटतात, लोकांना दिसत नाही, पण उचलणारीचं निम्मं काम होऊन जातं.

सगळ्यांचं असंच चालायचं. ओकुमुराचं तेवढं चालत नव्हतं. ती म्हणायची, उड्या मारायच्या असतील तर दोरी घेऊन अंगणात जा. कावागुचीला ओतकाम करणाऱ्या कारखान्यात तिचा बाप कामाला होता, तिथे साचे उचलत ती लहानाची मोठी झाली आणि पंधराव्या वर्षी कुस्तीत आली. तिचा एकच डाव प्रसिद्ध होता. समोरचीला आडवी खांद्यावर घ्यायची, आपल्याकडच्या कलाजंग डावासारखी, पण आपटायची नाही. तिला तशीच खांद्यावर घेऊन रिंगणाच्या चारही बाजूंनी सावकाश चालायचं. प्रत्येक बाजूच्या लोकांसमोर क्षणभर थांबायचं. चारी बाजू झाल्या की मग आपटायचं. मी त्याला प्रदक्षिणा म्हणायची. लोक तिला क्रेन म्हणायचे आणि तिच्या नावाची आरोळी झाली की नारिंगी कागदाच्या फिती रिंगणात फेकायचे. एका अमेरिकन बाईला तिनं असं फिरवलं होतं. ती बाई एकशे तीस किलोची होती आणि वर असताना रडली होती, असं जुनी माणसं सांगायची.

मी तिथे पोचले तो पहिला दिवस मला पक्का आठवतो. नव्या मुलीला पहिल्या दिवशी ओकुमुरानं खांद्यावर घ्यायचं आणि तिचं वजन सांगायचं, हा त्या तालमीचा रिवाज होता. मग मुलगी काट्यावर चढायची आणि सगळ्या टाळ्या वाजवायच्या, कारण आकडा बरोबर असायचा. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर मला जपानी कळत नव्हतं. तिनं माझी मान धरून दुसरा हात मांड्यांमध्ये घातला आणि माझं अंग आपोआप खाली बसलं. आमच्या वस्तादांनी बारा वर्षं हेच घोटून घेतलेलं, हात पायात आला की वजन सोडायचं, जमिनीला चिकटायचं. मुली एकदम दचकल्या. त्या धंद्यात याहून मोठं पाप नाही. मुद्दाम जड होणाऱ्या मुलीला तिथे कुणी जवळ करत नाही, कारण तिच्यापायी उचलणारीची पाठ जाते.

ओकुमुरानं मला उचललं. चारी बाजू फिरवलं आणि खाली ठेवलं, आपटलं नाही.

“एक्क्याण्णव,” ती म्हणाली. “आणि हट्टी.”

काट्यानं एक्क्याण्णव दाखवलं. हट्टीपणासाठी काटा नव्हता. त्या दिवसापासून मी मनातल्या मनात तिला अक्का म्हणायला लागले, आणि एकदा चुकून तोंडावर म्हणून गेले. अर्थ सांगितल्यावर तिनं तो शब्द दोनचारदा स्वतःशी म्हणून पाहिला आणि ठेवून घेतला.

असं पाच वर्षं सुरळीत चाललं. मग तिची पाठ बिघडली. कमरेतली चकती सरकली, डावा पाय मधूनच बधिर व्हायला लागला. ती कुणाला काही बोलली नाही, पण एकदा एका मुलीला उचलताना ती अर्ध्यातच थांबली आणि दुसरा डाव असल्यासारखं दाखवून तिनं वेळ निभावून नेली. लोकांना कळलं नाही. आम्हाला कळलं. माझ्याहून वरची एक मुलगी होती चिएमी, अक्काची सगळी कामं करणारी, तिचे बूट बांधणारी नि सोडणारी. तिनं आम्हा सगळ्यांना अंघोळीच्या खोलीत गोळा केलं आणि सांगितलं की आजपासून सगळ्यांनी उडी मारायची. पण इतकी अलगद मारायची की ओकुमुरा-सानला पत्ता लागता कामा नये.

आम्ही तसं केलं. दोन वर्षं केलं. अंगणात चोरून सराव केला. मीही केला, आणि माझ्या आकाराची बाई चोरून उड्या मारताना कशी दिसत असेल याची कल्पना न केलेली बरी. अक्काची प्रदक्षिणा पुन्हा सुरू झाली, लोक खूश झाले, कंपनीचे मालक निशिओका खूश झाले. आम्हाला वाटलं, अक्काही खूश आहे.

मग त्या वर्षी फुमिका नावाची नवी मुलगी आली. चिएमीनं तिला आधीच पढवून ठेवलं होतं. अक्कानं तिला खांद्यावर घेतलं, थोडी थांबली आणि म्हणाली, “अठ्ठावन्न.”

आम्ही टाळ्या वाजवल्या. काटा बिघडलाय असं सांगून चिएमीनं तो आधीच माळ्यावर टाकला होता. अक्कानं एकदा आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं आणि निघून गेली. फुमिका चौसष्ट किलोची होती. पुढच्या आठवड्यात कंपनीच्या डॉक्टरांनी सगळ्यांची तपासणी केली, तेव्हा फुमिका काट्यावर उभी असताना अक्का मागेच बाकावर बसली होती. त्याच संध्याकाळी तिनं मालकांना सांगितलं की मी आता कुस्ती सोडते. आम्ही समजलो, पाठीमुळे.

शेवटच्या कुस्तीत समोर कोण हवं हे निवृत्त होणारीनं ठरवायचं असतं. तिच्या बरोबरीच्या मोठमोठ्या बायका वाट पाहत असताना तिनं माझं नाव घेतलं. मी इतकी फुगले होते की विचारू नका. मला वाटलं, मी गुणी आहे म्हणून.

आणि गुरुवारी ती दारात येऊन ते वाक्य बोलून गेली.

म्हणजे तिला माहीत होतं. कोबी तसाच टाकून मी चिएमीला शोधत गेले. चिएमीनं ऐकलं आणि ती तडक निशिओकांकडे गेली. संध्याकाळी निशिओकांनी मला बोलावून घेतलं. ते तसे मवाळ गृहस्थ, आवाज चढवून कधी बोलायचे नाहीत. डॉक्टर काय म्हणाले ते त्यांनी मला सांगितलं. एवढं वजन नुसत्या पाठीवर घेतलं तर डावा पाय कायमचा जाऊ शकतो. मग ते म्हणाले की तू उडी मार, तिनं तुला एकदा उचलावं, जागच्या जागी खाली ठेवावं, फिरायचं काही नाही, आणि मग ठरल्याप्रमाणे तू तिला चीत कर. निवृत्त होणारीनं जाता जाता हरायचं, हाही तिथला रिवाजच आहे.

“तिनं मला नको म्हणून सांगितलंय,” मी म्हणाले.

“पुढची तीस वर्षं ती चालत राहावी असं तुला वाटतं ना?” ते म्हणाले.



शनिवारी मी घरी फोन लावला आणि वस्तादांना बोलावून घ्यायला सांगितलं. त्यांना हा सगळा प्रकार समजावून सांगायला बराच वेळ लागला, कारण जपानी कुस्तीत आधी ठरवून पडतात हे त्यांना दर वेळी नव्यानं सांगावं लागायचं आणि दर वेळी ते तितकेच संतापायचे. शेवटी ते म्हणाले, “उचलणार ती हाय नव्हं? मग तू कशाला उड्या मारतीयास?”

“तिचा पाय जाईल, वस्ताद.”

“मग मला कशाला इचारतीस,” असं म्हणून त्यांनी फोन आमच्या आईकडे दिला. आईनं जेवतेस का विचारलं.

मी उडी मारायचं ठरवलं. याबद्दल मला तेव्हाही वाईट वाटलं नाही आणि आताही वाटत नाही. तिच्या जागी माझी सख्खी बहीण असती तरी मी तेच केलं असतं. फक्त तिला कळू द्यायचं नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. शुक्रवार, शनिवार मी तिच्या नजरेला नजर दिली नाही.

रविवारी हॉल खच्चून भरला होता. तिचं नाव पुकारल्याबरोबर चारी बाजूंनी नारिंगी फिती आल्या. इतक्या आल्या की ती त्यांत गुडघ्यापर्यंत बुडाली आणि फुमिका नि बाकीच्या पोरींना त्या उचलून न्यायला दोनदा आत यावं लागलं. अक्का शांत उभी होती. माझं नाव पुकारलं तेव्हा कुणीतरी दोनचार पिवळ्या फिती टाकल्या. त्याही मला गोड वाटल्या.

घंटा झाली. पहिली दहा मिनिटं आम्ही झकास खेळलो. ती त्या दिवशी वेगळीच होती. मला तिनं दोरांवर फेकलं, परत येताना छातीनं अडवलं आणि मी अशी पडले की दात वाजले. मी तिची कंबर धरून ओढली तर ती तसूभर हलली नाही. समोरच्या रांगेत पांढऱ्या केसांचा एक माणूस बसला होता, तो उगाचच हसत होता आणि डोळे पुसत होता. मी स्वतः तिच्याशी लढत होते आणि तरीही मला वाटत होतं की बाजूला व्हावं आणि हिला नुसतं बघावं.

मग तिनं माझी मान धरली. दुसरा हात मांड्यांमध्ये घातला. हॉल एकदम उठून उभा राहिला, कारण सगळे ज्याच्यासाठी आले होते ते आता होणार होतं. रिंगणाच्या कडेला चिएमी दोर धरून उभी होती आणि ती माझ्या पायांकडे बघत होती. फुमिकाही पायांकडेच बघत होती. निशिओकासुद्धा.

मांडीवर दोनदा दाब आला. खूण.

मी उडी मारली.

आणि अक्कानं मला उचललंच नाही. हात जागेवर होते, खांदा जागेवर होता, पण तिनं काहीच केलं नाही. मी आपली एकटीच वर गेले आणि धपकन परत जागेवर आले. सगळ्या हॉलनं पाहिलं. उजेडात, भर रिंगणात, पहिलवान मारा बेडकासारखी टुणकन उडाली. कुणीतरी फिस्सकन हसलं, मग बरेच हसले. मग हळूहळू ते हसू थांबलं, कारण सव्वीस वर्षं कुस्ती बघणारी माणसं होती ती. ती उडी कशासाठी होती हे त्यांना कळलं. कधीपासून चालू असेल हेही त्यातल्या काहींना कळलं असावं. चिएमीनं तोंडावर हात धरला.

माझ्या कानाशी अक्काचा आवाज आला. “झाली उडी? आता चल.”

खरं सांगते, पुढचं मी मुद्दाम केलं नाही. लाजेनं माझे कान तापले होते, डोकं चालत नव्हतं, आणि डोकं चालेनासं झालं की बारा वर्षं तालमीत घोटलेलं अंग आपलं आपण काम करतं. मी खाली बसले. सगळं वजन सोडलं, टाचा रोवल्या, जमिनीला चिकटले. पहिल्या दिवशीसारखी.

अक्काच्या तोंडून एक आवाज निघाला. तो आनंदाचा होता हे मला नंतर कळलं.

ती खाली गेली. तिचा खांदा माझ्या पोटात रुतला. पहिल्यांदा काहीच झालं नाही. तिचा डावा पाय थरथरायला लागला, तो थरथराट माझ्या बरगड्यांपर्यंत येत होता. हॉलमध्ये इतकी शांतता होती की तिचा श्वास मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेला असेल. मी मनात म्हणत होते, अक्का, सोड, बस झालं. तोंडानं म्हणायची हिंमत झाली नाही. मग माझी उजवी टाच सुटली. मग डावी. खालची जमीन गेली आणि मी वर आले, आडवी, तिच्या दोन्ही खांद्यांवर.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ती चालायला लागली.

पहिल्या बाजूला ती थांबली. लोक उभे होते, काहींनी टोप्या काढल्या होत्या. दुसऱ्या बाजूला निशिओका होते, हातात टॉवेल धरून. तो आत फेकला की कुस्ती थांबते. त्यांनी अक्काकडे पाहिलं, मग तो टॉवेल नीट घडी करून स्वतःच्या खांद्यावर टाकला. तिसऱ्या बाजूला तो पांढऱ्या केसांचा माणूस होता. तिथून निघताना तिचा डावा पाय जमिनीवर घासत यायला लागला, उचलला जात नव्हता. तरी ती चौथ्या बाजूला पोचली, तिथेही तेवढीच थांबली आणि रिंगणाच्या मधोमध आली.

मी आपटण्याची वाट बघत अंग आवळलं. तिनं मला आपटलं नाही. घागर खाली ठेवावी तसं मला पायांवर उभं केलं. मग ती स्वतः गुडघ्यांवर बसली आणि हळूच उताणी झाली. मी तिच्या छातीवर हात ठेवला. पंचांनी तीन आकडे मोजले. तिला उठता येत नव्हतं असं माझं मत आहे. ती अजून म्हणते की येत होतं. दर नवीन वर्षाला फोनवर आमचं यावरून वाजतं.

नंतर निवृत्तीच्या रिवाजाप्रमाणे तिच्यासाठी दहा घंटा वाजवल्या. त्या तिनं उभं राहून ऐकल्या, एक हात दोरावर ठेवून.

आत खोलीत तिला खुर्चीवर बसवलं, पाठीला बर्फ लावला. डॉक्टरांनी डाव्या पायाच्या तळव्याला टाचणी टोचून पाहिली. तिनं पाय झटकला आणि डॉक्टरांना चांगलं सुनावलं, तेव्हा कुठे आम्ही सगळ्यांनी श्वास घेतला. मी तिच्यासमोर जमिनीवर बसून रडत होते. उडी मारली म्हणून माफी मागत होते, जड झाले म्हणूनही मागत होते, काय बोलत होते ते माझं मलाच कळत नव्हतं.

“गुरुवारपासून माहीत होतं मला,” अक्का म्हणाली. “तू मारणारच होतीस. तुम्ही सगळ्या चांगल्या मुली आहात.” तिनं चिएमीकडे पाहिलं, फुमिकाकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता. “पण दोन वर्षं मी कुणाला उचललंच नव्हतं.”

चिएमी भिंतीकडे तोंड करून उभी होती.

“मला जड व्हायला येतं, म्हणून माझं नाव घेतलंत?” मी विचारलं.

“दुसरं काय येतं तुला?” अक्का म्हणाली. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, “चौऱ्याण्णव.”

मी नाक पुसत नाही म्हणाले. एकोणनव्वद. कुस्तीच्या पत्रकावरही एकोणनव्वदच छापलं होतं, आणि गेले कित्येक महिने मी सगळ्यांना तेच सांगत होते. त्या हॉलमध्ये बॉक्सिंगच्या लढतीही व्हायच्या, त्यामुळे खोलीच्या कोपऱ्यात मोठा काटा होता. अक्कानं त्याच्याकडे नुसती हनुवटी केली.

मी चढले. सगळ्या पोरी भोवती गोळा झाल्या. काटा थोडा मागेपुढे हलला आणि चौऱ्याण्णववर येऊन थांबला. आपोआप टाळ्या वाजायला लागल्या, पहिल्या दिवशी वाजायच्या तशा. मी एवढी खूश कुठलीही कुस्ती जिंकून झाले नव्हते.

अक्कानं काट्याकडे पाहिलंही नव्हतं. ती खुर्चीत पुढे वाकून बुटांच्या नाड्या सोडत होती. पाठ धड वाकत नव्हती, बोटं नाडीपर्यंत पोचायला वेळ लागत होता. सवयीनं चिएमी लगबगीनं पुढे झाली, आणि मध्येच थांबली. मग आम्ही सगळ्याजणी तिथेच उभ्या राहिलो आणि तिचे दोन्ही बूट निघेपर्यंत कुणीही हात लावला नाही.